कारखान्यातील बालमजूर : कायदा एकेक पायरी खाली कसा उतरला

"आमच्याकडे बालकामगार काम करीत नाहीत" अशी पाटी आपण अनेक दुकानांच्या आणि कारखान्यांच्या दारावर पाहतो. बहुतेकांनी ती लावलेली असते ती कोणा साहेबाने लावायला सांगितली म्हणून. कित्येकदा पाटीखालीच एखादे पोर चहाचे पेले विसळत बसलेले असते. ही पाटी भिंतीवर यायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला आहे. त्या काळाचा हिशेब येथे मांडण्याचे कारण असे की, धंदा करणाऱ्या वाचकाला त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसेल. कारखान्याच्या बहुतेक कायद्यांत माणसांचा एक आकडा असतो. इतकी माणसे असतील तर कायदा लागू, त्याहून कमी असतील तर मोकळे रान. आणि पोरे नेहमी मोकळ्या रानाकडेच सरकली.

गरीबखान्यातून गिरणीत

यंत्रावरच्या सूतगिरण्यांची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या जोरावर चालणारी गिरणी उभारली. अशा गिरण्यांना नदीचा काठ हवा असे आणि तेथे मजूर पुरेसे मिळत नसत. उलट लंडनसारख्या शहरांतले गरीबखाने अनाथ पोरांनी भरलेले होते, आणि त्यांच्या पोटाचा खर्च तिथल्या करदात्यांच्या माथी बसत असे. दोन्ही बाजूंची सोय एकमेकांत जुळली. गरीबखान्यांनी पोरे शिकाऊ उमेदवार म्हणून करारावर गिरणीमालकांच्या हवाली केली. नाव उमेदवारीचे, पण गिरणीत शिकण्यासारखे फारसे काही नव्हते. तुटलेला धागा जोडायचा, आणि चालू यंत्राखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस वेचायचा. हे दुसरे काम लहान शरीराशिवाय होत नाही, असे मालक सांगत. करार संपला की बाहेर पडे तो हातात कसलाही हुन्नर नसलेला मजूर.

मँचेस्टरजवळ रॅडक्लिफ येथील एका गिरणीत १७८४ साली तापाची साथ पसरली. डॉ. थॉमस पर्सिव्हल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकशी करून पोरांचे लांबलेले तास आणि रात्रपाळी यांवर बोट ठेवले. ती गिरणी रॉबर्ट पील यांची होती. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या पील यांचे हे वडील. गंमत अशी की, पहिला कायदा आणला तो याच मालकाने, १८०२ साली. संसदेच्या समितीपुढे १८१६ साली त्यांनी जे सांगितले ते आजच्या कारखानदारानेही ऐकण्यासारखे आहे. आपण स्वतः गिरणीत क्वचितच जात असू, आणि गेलो की पोरांची खालावलेली प्रकृती डोळ्यांत भरे, असे ते म्हणाले. कारण त्यांनीच दिले. देखरेख करणाऱ्या माणसाचा मोबदला मालाच्या उत्पादनावर ठरलेला होता, म्हणून तो पोरांना वाटेल तितका वेळ राबवी. मुकादमाला नगावर पैसे देणारा मालक "मला काही ठाऊक नव्हते" असे म्हणतो तेव्हा आम्हाला हे पील आठवतात.

१८०२ च्या कायद्याने उमेदवारांचे काम जेवणाचा वेळ सोडून १२ तासांवर आणले, रात्रपाळीला आळा घातला, भिंतींना वर्षातून दोनदा चुना देण्यास सांगितले, लिहिणे-वाचणे-हिशेब शिकवण्याची अट घातली आणि एका बिछान्यावर दोहोंपेक्षा अधिक पोरे झोपवू नयेत असेही फर्मावले. पाहणीचे काम स्थानिक न्यायाधीशांनी नेमलेल्या प्रतिष्ठितांकडे होते आणि ती मंडळी मालकांच्याच ओळखीतली. शिवाय कायदा होता करारावरच्या उमेदवारांपुरता. एवढ्यात वाफेचे इंजिन आले आणि गिरण्या नदी सोडून शहरांत शिरल्या. तेथे आईबाप स्वतःच पोराला हाताला धरून दारात आणून सोडत. त्या पोराचा करार नव्हता, म्हणून त्याला कायदाही नव्हता. पुढे न्यू लॅनार्क येथील गिरणीचालक रॉबर्ट ओवेन यांनी दहा वर्षांखालची मुले कामावर घेणे बंद करून, त्यांच्यासाठी शाळा चालवून आणि तरीही नफा मिळवून दाखवला. त्यांच्या खटपटीतून १८१९ चा कायदा आला. सुती गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली, पण तपासनीस नेमलाच नाही. कायदा कागदावर राहिला.

चार तपासनीस आणि दातांची परीक्षा

मायकेल सॅडलर यांच्या समितीपुढे १८३२ साली जे मजूर साक्षीला आले त्यांत लीड्सची एलिझाबेथ बेंटले ही २३ वर्षांची तरुणी होती. ती सहाव्या वर्षापासून जवसाच्या धाग्याच्या गिरणीत होती. हंगामात पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत काम, आणि वेग मंदावला की पट्ट्याचा मार. तिच्या शरीराला कायमचे व्यंग आले होते. या साक्षींनी इंग्लंड हादरले. मालकांनी साक्षी एकतर्फी असल्याची ओरड केली म्हणून दुसरा आयोग नेमला गेला, आणि त्यालाही हस्तक्षेप करा असेच सांगावे लागले.

१८३३ चा कायदा हा आमच्या मते पहिला खरा कायदा. कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले बंद (रेशीम गिरण्यांनी मात्र आपली सुटका करून घेतली), नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तास आणि रोज दोन तास शाळा, अठरा वर्षांखालील कोणालाही रात्रपाळी नाही. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे सरकारी पगाराचे चार तपासनीस. देशभरातील हजारो गिरण्यांना चार माणसे म्हणजे काहीच नव्हे. पण ही माणसे मालकाच्या पंगतीतली नव्हती आणि त्यांना ठरावीक काळाने अहवाल लिहावा लागे. लेनर्ड हॉर्नर यांनी ही नोकरी १८५९ पर्यंत केली. पुढच्या सुधारणांचा बराचसा माल त्यांच्या अहवालांतून आलेला आहे.

पहिली अडचण वयाची निघाली. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ साली. त्याआधी जन्मलेल्या पोराचे वय कसे ठरवायचे? कायद्याने हे काम डॉक्टरकडे दिले. डॉक्टरने पोराकडे पाहायचे आणि ते नऊ किंवा तेरा वर्षांच्या पोराएवढे दिसते असे लिहून द्यायचे. आईबापाला मजुरी हवी, मालकाला हात हवेत, डॉक्टरला फी हवी. तिघांचेही हित पोर मोठे दिसण्यात. मग उंचीवरून वय ठरवावे अशी सूचना आली. एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ साली पुस्तिका काढून संसदेला सांगितले की उंची फसवते, दात फसवत नाहीत; गिरणीतील पोरांचे वय दातांवरून ठरवा.

दुसरी अडचण शाळेची. हॉर्नर यांच्या अहवालांत अशी शाळाप्रमाणपत्रे आढळतात की ज्यांवर मास्तरने सहीऐवजी फुली मारलेली आहे. मास्तरच अंगठेबहाद्दर! म्हणून १८४४ च्या कायद्यात मास्तरने प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने भरावे असे घालावे लागले. त्या कायद्याने अर्धवेळाची पद्धत आणली. पोराने अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा शाळेत घालवायचा. पण त्या बदल्यात कामाला लागण्याचे वय नऊवरून आठवर आणले. सुधारणेच्या इतिहासात मागे टाकलेले पाऊलही असते, ते हे.

मालकांचा युक्तिवादही समजून घेतला पाहिजे, कारण तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो. नॅसाऊ सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने १८३७ साली आकडे मांडून दाखवले की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात निघतो. तो तास काढला की नफा गेला आणि उद्योग परदेशी गेला! पुढे १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीनांसाठी दहा तासांचा कायदा आला. गिरण्या बुडाल्या नाहीत, पुढच्या दशकात उद्योग वाढला. सीनियर यांची चूक साध्या हिशेबाची होती. तास कमी झाला की त्या तासाचा कापूस, कोळसा आणि झीजही वाचते, आणि ताजा माणूस कमी वेळात अधिक काम करतो, हे त्यांनी धरलेच नव्हते.

मोठ्या गिरण्यांत पोरे कमी झाली तेव्हा ती कोठे गेली? लेस, काड्यापेट्या, मातीची भांडी, घरामागच्या खोल्या. १८६७ साली कायदा त्या लहान कारखान्यांपर्यंत उतरला, पण अंमल नगरपालिकांकडे दिला. त्यांनी काही केले नाही, म्हणून चार वर्षांत तो तपासनीसांकडे सोपवावा लागला. गिरण्या रिकाम्या केल्या त्या शाळांनी. १८८० पासून दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली, आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेले पोर लपवणे अवघड झाले. तरी अर्धवेळाची पद्धत १९२१ पर्यंत टिकली. ती टिकवण्यात मालकांइतकाच लँकेशायरच्या मजूर आईबापांचा हात होता. १९०९ साली त्यांच्याच संघटनेने मते घेतली तेव्हा मोठे बहुमत पोरांचे वय वाढवण्याच्या विरुद्ध पडले. ज्यांनी स्वतः बालपणी धागे जोडले होते, तेच हे मतदार.

मुंबईच्या गिरण्या आणि मँचेस्टरचा कळवळा

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ साली सुरू झाली. वीस वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना मुंबईच्या पोरांची दया येऊ लागली. स्पर्धकाच्या मजुराबद्दलचा कळवळा पारखूनच घ्यावा लागतो. मुंबई सरकारने १८७५ साली आयोग नेमला, पण मालकांनी कायद्याची गरज नसल्याचे सांगितले. आपल्या बाजूने आवाज उठवला तो सोराबजी शापुरजी बंगाली यांनी. त्यांनी १८७८ साली स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला. केसरी व मराठा यांच्यासह अनेक देशी पत्रांना मात्र हा सारा लँकेशायरचा डाव वाटत होता. डाव होता हे खरे. पण साच्याजवळ उभे असलेले सात वर्षांचे पोरही खरे होते, आणि त्या वादात त्याला कोणी विचारले नाही.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास, मधली सुट्टी आणि महिन्याला चार रजा दिल्या. हा कायदा १०० किंवा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच होता. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते. म्हणून 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेऊन हजारो कामगारांच्या सहीचा अर्ज दिला. त्यांच्याच प्रयत्नांनी १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ, मुलांचे तास सात आणि कारखान्याचा आकडा ५० केला. १९२२ मध्ये किमान वय बारा, तास सहा आणि आकडा २० झाला.

१९२२ च्या कायद्यात एक बंदी अशी आहे की ती वाचूनच सगळी कथा कळते. कोणत्याही मुलाला एकाच दिवशी दोन कारखान्यांत कामाला लावू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तसे लावले जात होते. एका गिरणीत सकाळची अर्धी पाळी, दुसरीत दुपारची, आणि त्यासाठी दोन वेगळे दाखले. अर्धवेळाचा कायदा पाळून पूर्णवेळ काम! या कायद्यानंतर मोठ्या गिरण्यांना पोरांची कटकट नकोशी झाली आणि तेथील त्यांची संख्या झपाट्याने घटली.

लहान कारखान्याचे दार

मग ती पोरे कोठे दिसली? १९३१ साली मजूर आयोगाने (अध्यक्ष व्हिटली) अहवाल दिला, त्यात उत्तर आहे. यंत्रशक्ती नसलेल्या विडी, गालिचे, कातडी अशा कारखान्यांत ती होती. आयोगाला काही ठिकाणी पाच वर्षांची मुले दहा-बारा तास, अवघ्या दोन आण्यांवर काम करताना आढळली. अमृतसरच्या गालिच्यांच्या धंद्यात आईबापांनी उचल घेऊन पोरे गहाण ठेवली होती. यावरून १९३३ चा मुलांचे श्रम गहाण ठेवण्यास मनाई करणारा कायदा आणि १९३८ चा बालकांच्या नोकरीचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वय १४ आणि आकडा विजेवरच्या कारखान्याला १०, विजेविना २० असा ठरवला. संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदाने कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांत १४ वर्षांखालील मुलांना बंदी घातली.

तरीही एक दार उघडेच राहिले, ते घराचे. १९६६ च्या विडी कायद्याने विडी कारखान्यांत मुलांना मज्जाव केला, पण आपल्या घरी स्वतःच्या कुटुंबासह विड्या वळणाऱ्याला तो लागू नव्हता. परिणाम आपल्या डोळ्यांसमोर झाला. पाने-तंबाखू घरी गेली आणि दोरा बांधायला पोरे बसली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात विडी, गालिचे, कापडाची विणाई व रंगाई यांत मुलांना बंदी होती, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कारखान्याला सूट होती. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांना कांड्या भरणे असो की मदनपुऱ्यातल्या जरीच्या अड्ड्यावर बसणे असो, एका छताखाली किती माणसे आणि त्यांत घरची किती, हे ठरवणार कोण? १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या प्रकरणात धोक्याच्या कामावर लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये भरावेत असा निर्णय दिला. घरातल्या पोराचा मालक कोण, हा प्रश्न तरीही उरलाच.

या पानाच्या अनेक वाचकांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. हुन्नर लहानपणीच हातात बसतो, नाजूक बोटांचे काम आहे, उस्तादाजवळ बसला नाही तर पोर वाया जाईल. उस्ताद-शागिर्दीला आमचा आदर आहे. पण हिशेब साधा आहे. जरीच्या अड्ड्यावर दोन वर्षांनंतरही पोर तेच एक टिकली लावण्याचे काम करीत असेल, तर ते शिकत नाही, राबते आहे. क्रॉमफर्डच्या काळातही करारपत्रावर 'उमेदवार' असेच लिहिलेले असे. आपला उमेदवारी कायदा १९६१ चा. त्यातही उमेदवाराचे वय किमान १४ हवे.

२०१६ साली १९८६ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी झाली आणि १४ ते १८ या वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांत. या बंदीला माणसांचा आकडा नाही. दोन माणसांचे खाते असले तरी ती लागू आहे. पहिल्याच गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसरीकडे, कारखान्याच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण नियम ज्या संहितेत आले, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने कारखान्याचा आकडा १० वरून २० व २० वरून ४० असा वर नेला. म्हणजे आकड्याची पायरी दीडशे वर्षांत १०० वरून १० पर्यंत उतरून पुन्हा वर चढली आहे. बारा-पंधरा माणसांच्या खात्यात नियमितपणे पाहणी व्हायची ती आता कशी होणार, ही काळजी आम्हाला वाटते.

घराचे दार २०१६ नंतरही किलकिले आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने कुटुंबाच्या धंद्यात, तो धोक्याचा नसेल तर, मदत करावी असे कायदा म्हणतो. कुटुंब म्हणजे आईबाप, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी. २०१७ च्या नियमांप्रमाणे ही मदत दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक नको आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नको. हे नीट लक्षात ठेवावे, कारण गावाकडून आणलेल्या पोराचा मामा होणे सोपे असते. खाते चालवणाऱ्याला आम्ही एवढेच सुचवू की 'मामा' हे नाते दाखवता येईल असा कागद हाती नसेल तर त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

वयाचा वाद निघाला तर पुरावा म्हणून शाळेचा दाखला, जन्मदाखला किंवा आधार कार्ड लागते. १४ वर्षांवरील मुले ठेवली असतील तर त्यांची नावे, जन्मतारखा, कामाचे व विश्रांतीचे तास लिहिलेली वही दाखवावी लागते. कागद मिळाला नाही तर पोराला सरकारी डॉक्टरकडे पाठवतात. तेथे हाडांचे एक्स-रे काढतात, आणि दातही पाहतात.